ताजबीची सही

३ सप्टेंबर १९७९, सोमवार

शासनाने पाठवलेला खडू फळ्यावर उमटत नाही, ही गोष्ट मी अत्यंत गांभीर्याने नोंदवून ठेवतो. तो बोटांवर उमटतो, धोतरावर उमटतो, चहाच्या कपाच्या कानावर उमटतो. एक फळा तेवढा त्याला वर्ज्य आहे. मुळशीच्या हवेत भिजून त्याची चिकणमाती झाली आहे. पर्यवेक्षकांना तसं लेखी कळवलं. ते म्हणाले, उन्हात वाळवा. ऊन कुठल्या खात्याकडे मागायचं ते त्यांनी कळवलेलं नाही.

तर माझ्या ओसरीवर प्रौढ साक्षरता वर्ग रीतसर सुरू झाला. महिना पन्नास रुपये मानधन आणि एक कंदील. पुण्याच्या दैनिकाचा मी इथला वार्ताहर. ओळींवर पैसे मिळतात आणि गावात ओळींपुरतंही काही घडत नाही, म्हणून हे पन्नास रुपये बरे, असं मी आक्काला पत्रात लिहिलं. आक्का म्हणजे माझी पुण्यातली थोरली बहीण. ती मला अजून मुंज झालेला मुलगा समजते आणि जेवलास का म्हणून विचारते. बारा वर्षं पाठशाळेत संस्कृत शिकून, पुढे शाळेत तेच शिकवून, शेवटी शाळेलाच संस्कृत नको झाल्यावर माणसाने कुठे जावं? मी घोटावड्याला आलो. लग्न राहून गेलं. घरात मी, स्टोव्ह आणि घड्याळ. त्यात बोलतो फक्त स्टोव्ह.

वर्गाला अकरा बाया. हजेरीपटावर तीस आहेत. उरलेल्या एकोणीस शासनाच्या मनात आहेत.

११ सप्टेंबर, मंगळवार

आज दशांश शिकवायला घेतले आणि तोंडावर पडलो.

फळ्यावर लिहिलं, रु. २.८०. म्हटलं, वाचा. ताजबी मणेर पुढे सरकल्या. या विधवा बाई, पंचेचाळिशीच्या आत-बाहेर. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन लवळे, पिरंगुट, नांदे पायी फिरतात. अक्षर नाही, पण आकडे ओळखतात. झटकन म्हणाल्या, "अडीच."

"अडीच कसे? दोन रुपये ऐंशी पैसे."

"दोन-आठ हाय न्हवं? दोन-आठ म्हंजी अडीच. दोन-चार सव्वादोन, दोन-बारा पावणेतीन. पोरीलाबी ठावं हाय."

मग त्यांनी बांगड्यांचं माप समजावलं. इंच आणि इंचाचे सोळा भाग. आठ भाग म्हणजे अर्धा इंच. त्या हिशेबाने बाईंचं शंभर टक्के बरोबर होतं.

"आणि पुढचं शून्य?" मी विचारलं.

"शून्य म्हंजी काय न्हाई, आसं तुमीच परवा म्हनला."

सगळ्या हसल्या. गोजराबाई सगळ्यांत मोठ्याने. या माळकरी शेतकरीण, घरोघर दूध घालतात, आणि वर्गात ज्ञानापेक्षा करमणुकीसाठी येतात असं माझं निरीक्षण आहे. "आवं गुर्जी, तुमाला मापच ठावं न्हाई. कवा कुनाच्या हातात बांगडी भरलीया का?"

मी खडू वाळवायला ठेवला.

पैशात रुपयाचे सोळा नव्हे, शंभर भाग, हे मग पैसे मांडून दाखवलं. ताजबी हसायच्या थांबल्या. पुण्याच्या ठोक दुकानातून त्या माल आणतात. तिथल्या चिठ्ठीवर डझनाला २.८० असायचं आणि त्या मनात अडीच धरून गावोगाव तीनला विकायच्या.

"डझनामागं आठ आनं ऱ्हात्यात म्हनून मी धा वरसं चालतिया," त्या म्हणाल्या. "आन ऱ्हात हुतं वीस पैसं. तरीच." मग थोड्या वेळाने पुन्हा, "तरीच."

१९ सप्टेंबर, बुधवार

वर्ग नीरस झाला. पावसाळी हवा, बायांचं लक्ष नव्हतं. (ताजबी लवळ्याला गेल्या होत्या.)

२७ सप्टेंबर, गुरुवार

ताजबींनी पोस्टाचं बचतीचं पुस्तक आणलं. कापडात गुंडाळलेलं. एवढी वर्षं ते त्यांनी जपलं, उघडलं मात्र दुसऱ्यांनी.

पद्धत अशी: अशिक्षित खातेदाराने अंगठा द्यायचा, आणि पोस्टमास्तरच्या ओळखीच्या साक्षर माणसाने शेजारी साक्षीदार म्हणून सही करायची. ताजबींचा साक्षीदार त्यांचा दीर, मौला. पैसे तोच मोजून घेतो, तोच आणून देतो.

एकेक आकडा बोटाने दाबत त्या वाचत गेल्या. शेवटची शिल्लक सातशे बारा रुपये चाळीस पैसे. हे वाचताना आवाज जरा चढला. मग बोट वर गेलं, जुलैच्या ओळीवर. "काढले... पन्नास."

"बरोबर."

"मला तीस दिलं हुतं."

  मी म्हणालो, "मौलाला विचारू का मी?"

"तुमी कशापायी? त्येचं पोरगं तवा दवाखान्यात हुतं. मागितलं आस्तं तर दिलं आस्तं." पुस्तक पुन्हा कापडात गुंडाळलं गेलं, दोन गाठी मारून. "पर आता त्यो नगं साक्षीला. मला माजी सही शिकवा."

९ ऑक्टोबर, मंगळवार

ताजबींच्या मनात काय आहे ते आज कळलं. पौडच्या बाजारात चाँदभाई म्हणून म्हातारे बांगडीवाले आहेत. त्यांचा मुलगा भिवंडीला; आता ते कायमचे तिकडे जाणार. बाजारातली बसायची जागा, लाकडी पेटी आणि उरलेला माल, सगळं मिळून सहाशेला ताजबींना द्यायला तयार आहेत. मुदत तीस नोव्हेंबर. त्यानंतर कोथरूडचा एक व्यापारी घेणार.

"गुडगं गेलं माजं," ताजबी म्हणाल्या. "लवळ्याचा चढ आता हुत न्हाई. बसून धंदा करीन म्हनतिया. मौलाच्या कानावर गेलं तर त्यो म्हननार, भावाचं पैसं, मी बगतो. भावाचं कसलं? पाटी माज्या डोस्क्यावर हाय."

मी म्हणालो, काळजी करू नका, मुदतीच्या आत तुम्ही स्वतःच्या सहीने पैसे काढाल. आणि हे बोलताना मला फार बरं वाटलं. एवढं बरं मला माझी कुठलीही बातमी छापून आल्यावर वाटलेलं नाही.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

सही पूर्ण नावाची हवी, हा माझा दंडक. ताजबी म्हणतात नुसतं ताजबी पुरे. मी म्हटलं, ताजबी करीम मणेर. शास्त्र म्हणजे शास्त्र.

गोजराबाईंची वेगळीच अडचण. नवऱ्याचं नाव कोंडाजी. ते त्या घेत नाहीत.

"घ्यायाचं न्हाई त्ये लिवायचं कसं? हाताला पाप न्हाई का लागत?"

"लिहिताना तोंड बंदच असतं," मी म्हणालो.

हा युक्तिवाद त्यांना पटला. पाटीवर 'गोजराबाई' ठसठशीत लिहिलं, मग डाव्या हाताचा आडोसा केला आणि आत कोंडाजी काढले. कुणी डोकावलं की पदराने पाटी झाकायची. त्या घाईत शिरोरेघ राहिली. ताजबी म्हणाल्या, "दिसला गं मला तुजा म्हातारा, टोपी न्हाई घातल्याली." यावर जो गोंधळ झाला त्यात वर्ग संपला.

ताजबींची सही आज तीनदा बरोबर आली. पण 'ण' अजून लंगडतो. मी म्हटलं, अजून घोटायला हवं.

२२ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी. वर्ग नाही. आक्काचं पत्र आलं, ये म्हणून. बातम्यांचं काम आहे असं उत्तर लिहिलं. बातमी एकच होती: गावात दिवाळी शांततेत पार पडली.

संध्याकाळी सवयीने कंदिलाची काच पुसली. चटई घातली. मग लक्षात आलं. चटई गुंडाळणं जिवावर आलं म्हणून तीवर मीच बसलो. अकरा बायांच्या जागेवर एक माणूस फारच कमी दिसतो.

गोजराबाई फराळाचं ताट देऊन गेल्या. उभ्या उभ्या म्हणाल्या, "येकलं ऱ्हाऊन माणूस खुळं हुतंया, गुर्जी." उत्तरादाखल मी करंजीची तारीफ केली.

८ नोव्हेंबर, गुरुवार

ताजबी सगळ्यांच्या आधी आल्या. पाटीवर सही काढून माझ्यासमोर धरली. "झाली न्हवं आता? उद्या जाऊ पोस्टात?"

पाहिली. 'ताजबी'ची वेलांटी जरा वर गेली होती. म्हटलं, पोस्टातली माणसं काटेकोर असतात, एक आठवडा अजून घोटा.

"गेल्या आटवड्यातबी तुमी ह्येच म्हनला."

"विद्येला घाई चालत नाही."

"चाँदभाईला चालतीया," त्या म्हणाल्या आणि पाटी पुसून पहिल्यापासून काढायला लागल्या. वर्ग छान झाला. सात जणी होत्या, पण गर्दी वाटली.

१९ नोव्हेंबर, सोमवार

उद्या पोस्टात जायचं. अकराच दिवस उरले आणि ताजबींनी आज विचारलं नाही, सांगितलं. "उद्या अकरा वाजता. तुमी या, न्हाई आला तरी मी जानार."

या ऐतिहासिक प्रसंगाची बातमी मी आजच लिहून ठेवली. मथळा: 'अंगठ्याला रामराम!' मजकूर: घोटावडे येथील श्रीमती ताजबी मणेर या श्रमजीवी महिलेने प्रौढ साक्षरता वर्गात अक्षरज्ञान मिळवून पोस्टातील आपली बचत स्वतःच्या सहीने काढली. उद्या पोस्टात वेळ गेला तर एस.टी. चुकेल, म्हणून पाकीट संध्याकाळच्या गाडीनेच पुण्याला धाडलं. वार्ताहराने कसं घटनेच्या एक पाऊल पुढे असावं.

२० नोव्हेंबर, मंगळवार

नीट लिहितो. 

पोस्टमास्तर हैबतराव गृहस्थ भला. माझ्या मनीऑर्डरी त्यांच्याच हातून मिळतात. ताजबी नवीन लुगडं नेसून आल्या होत्या. फॉर्म मी भरला, सही त्यांनी केली. जीभ दातात धरून, एकेक अक्षर. ताजबी. करीम. मणेर. 'ण'सुद्धा ताठ उभा होता.

हैबतरावांनी फॉर्म घेतला, खातेपुस्तक पाहिलं, मागचं रजिस्टर काढलं. मग चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, ही सही कुणाची?"

"माजी."

"तुमची सही आमच्याकडं न्हाई. तुमचा अंगठा हाय. खातं अंगठ्याचं, तर पैसं अंगठ्याला. सहीला कसं देऊ? ही सही आजवर पोस्टानं बगितलीच न्हाई."

हे माझ्या ध्यानात कधीच आलं नव्हतं. जवळजवळ दोन महिने मी सही घोटवून घेतली आणि ती जिथे करायची त्या कागदावर आधी काय आहे हे पाहिलं नाही.

हैबतराव म्हणाले, "त्यात काय एवढं? अंगठा द्या. गुर्जी हायेतच साक्षीला. पाच मिन्टाचं काम." आणि शाईच्या पॅडचं झाकण उघडलं. ताजबींनी बांगड्या मागे सारून हात पुढे केलासुद्धा.

मी तो हात अडवला. म्हणजे हाताला हात लावला नाही, मध्ये फॉर्म धरला. म्हणालो, "अंगठा? माझ्या वर्गातल्या बाईचा? हे शक्य नाही. त्या साक्षर आहेत. सही बदलून घेण्याचा अर्ज द्या."

"अर्ज पुण्याला जातू. तीन आटवडं लागत्यात."

"लागू देत. तत्त्वाचा प्रश्न आहे." याशिवाय मी विद्येविषयी एक श्लोकार्धही म्हटला. रांगेत मागे उभा असलेला माणूस म्हणाला, "म्हाराज, मला येक पोस्टकार्ड घिऊ द्याल का?"

अर्ज भरला. ताजबींनी त्यावर सही केली.  परतताना ओढ्यापाशी थांबून म्हणाल्या, "तीन आटवडं म्हंजी डिसेंबर." मी म्हटलं, चाँदभाईंना मी पत्र लिहितो, ते समजूतदार आहेत.

"त्यांला वाचता येत न्हाई," त्या म्हणाल्या.

२१ नोव्हेंबर, बुधवार

ताजबी वर्गाला आल्या नाहीत. गोजराबाईही नाहीत.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

बातमी आज छापून आली. तिसऱ्या पानावर, चौकटीत, एकही ओळ न कापता. गेल्या सहा वर्षांत असं झालं नव्हतं.

अंक काखेत मारून पोस्टात गेलो, निदान हैबतरावांना दाखवावा. ते म्हणाले, "पैसं नेलं की बाईंनी. काल."

"कसे? अर्ज तर..."

"अर्ज थैलीत घातला न्हवता अजून. बाई म्हनली फाडा, फाडला. अंगठा दिला, सहाशे नेलं."

"आणि साक्षीदार?"

हैबतरावांनी फॉर्म काढून दाखवला. निळसर काळा अंगठा आणि त्याच्या शेजारी, खाली खाली उतरत गेलेली, पण वाचता येईल अशी सही: गोजराबाई कोंडाजी शेळके. "धा वरसं माज्या घरी दूध घालतिया. तिच्यापरीस वळकीचं कोन? सही करताना मातर म्हनली, तिकडं तोंड करा."

म्हणजे माझ्या वर्गाचा उपयोग झाला. पूर्ण झाला. हे वाक्य लिहून पाहिलं; बरोबर आहे.

संध्याकाळी ताजबी आल्या. हातात पेढ्याचा पुडा. मी अंक पुढे केला. त्यांनी तो कंदिलापाशी नेला आणि बोट ठेवून वाचू लागल्या. वर्तमानपत्रातली पहिलीच बातमी त्या वाचत होत्या, आणि ती स्वतःचीच. "ता-ज-बी... म-णे-र..." चेहरा उजळला. मग पुढे. "स्व-तः-च्या... स-ही-ने... का-ढ-ली."

बोट थांबलं.

"ह्ये खोटं हाय की, गुर्जी."

"मी आदल्या दिवशी लिहिली होती."

"आदल्या दिशी? म्हंजी तुमी त्या पायी..."  मला अपमान चालला असता. त्यांनी अंकाची घडी घातली आणि अगदी हलक्या आवाजात, समजूत घालावी तसं म्हणाल्या, "सही तुमची हुती, गुर्जी. पैसं माजं हुतं."

मग पेढा दिला. मी खाल्ला. गोडच होता.

२४ नोव्हेंबर, शनिवार

संपादकांना दुरुस्तीचं पत्र पाठवलं. छापणार नाहीत. अंगठा ही बातमी होत नाही.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

पौडला जाऊन आलो. बातमीसाठी म्हणून. बाजारात चाँदभाईंच्या जागेवर ताजबी बसल्या होत्या; पाय पसरून, पेटी उघडून. भोवती बायांचं कोंडाळं. एका पोरीचा हात गुडघ्यावर घेऊन दाबून दाबून बांगडी चढवत होत्या आणि तोंडाने दुसरीला भाव सांगत होत्या. पेटीच्या झाकणाच्या आत खडूने दर लिहिले होते, रुपये वेगळे, पैसे वेगळे. मौला पलीकडे मालाची गोणी सोडत होता. म्हणजे तेही मिटलं, आणि ते मिटवायलाही मी लागलो नाही.

मला पाहून हाक मारली. "गुर्जी, या की! च्या सांगू?" मी म्हटलं, घाई आहे. घाई कसली होती ते घरी येईपर्यंत आठवलं नाही.

वर्गाबद्दल विचारलं. म्हणाल्या, बाजारातून यायला आता अंधार पडणार, कवातरी यीन. खऱ्या मनाने म्हणाल्या. येणार नाहीत. येण्याचं कारणही नाही.

संध्याकाळी ओसरीवर चौघी. चंद्राबाईंनी पाटी पुढे केली. या गेल्या महिन्यात आल्या. मुलगा लष्करात, त्याची मनीऑर्डर त्यांना स्वतःच्या सहीने घ्यायची आहे. पाटीवर नाव सरळ उभं होतं, एकही मात्रा हललेली नाही.

"जमलं का वं, गुर्जी?"

मी पाटी कंदिलाजवळ नेली, तिरकी करून पाहिली आणि म्हणालो, "अजून थोडं घोटा."

जमलं होतं. ताजबींचंही सोळा ऑक्टोबरलाच जमलं होतं. 'ण' लंगडत नव्हता, वेलांटी वर गेलेली नव्हती, आणि पोस्टात त्या पाच मिनिटांच्या कामाआड मी तत्त्व आणलं ते केवळ छापायला गेलेल्या बातमीसाठीही नव्हतं. काम झालं की बाई यायची थांबते, एवढंच मला कळत होतं. ज्या बाईला सहाशे रुपयांत उरलेलं आयुष्य बसून काढता येणार होतं, तिला मी माझ्या ओसरीवर चार माणसं दिसावीत म्हणून महिनाभर उभी ठेवली. तिने वाट काढली, म्हणून निभावलं.

चंद्राबाई उद्या पुन्हा येतील, पाटी पुढे करतील आणि विचारतील. उद्या मी खरं सांगेन की नाही, हे मला आत्ता सांगता येत नाही. मला खरी काळजी आहे ती याची.